गाडी आपल्या दारावरून का जाते?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं चिटणीसांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सोसायटीचा इतिहास सगळ्यांनाच पाठ आहे. बोअरवेल कधी मारली, गेट कधी बसलं, पहिल्या वर्षी गणपती कुठे बसवला, हे इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी त्याच्याही मागे जातो. आपण सगळे आटगावला राहायला आलो ते एकाच कारणाने. बुकिंगच्या वेळी प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता, "स्टेशन किती लांब?" म्हणजे आपली सोसायटी रेल्वेमुळे आहे. मग ती रेल्वे इथूनच का गेली?

माझ्या आजीचं माहेर मुरबाडकडचं. ती नेहमी म्हणायची, "खरं तर गाडी आमच्याकडून जायची होती, तुमच्याकडे गेली." आम्ही हसायचो. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, आजीचं खरं होतं.

मुंबईपासून घाटावर रेल्वे न्यायची कल्पना १८४० च्या दशकातली. त्यासाठी मुंबईत जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखी मंडळी पुढे आली आणि लंडनमध्ये जॉन चॅपमन यांनी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जीआयपी कंपनी उभी केली. विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस हवा होता, आणि तो बैलांच्या पाठीवरून बंदरापर्यंत यायला आठवडेच्या आठवडे लागत. पावसाळ्यात तर वाट बंदच. मूळ विचार असा होता की कल्याणवरून मुरबाडच्या अंगाने जायचं, माळशेज घाट चढायचा आणि वर गेल्यावर दोन फाटे काढायचे. एक खानदेश-वऱ्हाडकडे, दुसरा पुणे-सोलापूरकडे. एकच चढ, त्यात दोन्ही कामं. कागदावर हे फार सोयीचं दिसत होतं.

मग कंपनीचे मुख्य इंजिनियर म्हणून जेम्स बर्कले १८५० मध्ये मुंबईत आले. त्यांनी डोंगर प्रत्यक्ष पाहिले, मोजणी करवली. माळशेजला ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना सांगायला नको, तिथे कडा भिंतीसारखा सरळ उभा आहे. रेल्वेला भिंत चालत नाही. तिला डोंगराची लांब उतरती सोंड लागते, जिच्या अंगावरून हळूहळू चढता येईल. तशा सोंडा बोरघाटात आणि थळघाटात होत्या. म्हणून एका चढाऐवजी दोन चढ ठरले. पुण्याकडे जाणारी गाडी बोरघाटाने, नाशिककडे जाणारी थळघाटाने. माळशेज मागे पडला. त्याबरोबर मुरबाडही मागे पडलं आणि शहापूर तालुका नकाशावर आला.

पुढचं काम टप्प्याटप्प्याने झालं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, १८५४ मध्ये कल्याण, १८५५ मध्ये वासिंद. तिथून आसनगावला यायला १८६० उजाडलं. १ जानेवारी १८६१ ला आसनगाव ते कसारा लाइन सुरू झाली, म्हणजे आपल्या आटगावच्या शिवारातून गाडी धावली ती तेव्हापासून. कसारा ते इगतपुरी हा घाट पूर्ण व्हायला १ जानेवारी १८६५ उजाडली. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, असा तिथला चढ. आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ती याच चढामुळे. ज्या बर्कलेंनी हा मार्ग नक्की केला ते १८६२ मध्येच वारले. बोरघाट १८६३ ला सुरू झाला. दोन्हींपैकी एकाही घाटातून धावणारी गाडी त्यांना पाहायला मिळाली नाही.

इथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर ५ टक्क्यांची हमी सरकारने दिलेली होती. खर्च वाढला तरी त्यांचं व्याज बुडत नव्हतं. कमी पडेल ते इथल्या महसुलातून, म्हणजे रयतेच्या खिशातून जायचं. दुसरी, घाटाच्या कामावर पटकीने आणि तापाने कामकरी मोठ्या संख्येने मेले. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. कसाऱ्याच्या बोगद्यातून जाताना आपण खिडक्या लावून घेतो आणि डबा उघडतो. एकदा तरी त्या माणसांची आठवण काढावी.

आता आजचं. २०२१ च्या मार्चमध्ये मुंबई-नागपूर हायस्पीड रेल्वेसाठी हवाई सर्वेक्षण सुरू झालं. विमानातून लेसर किरण सोडून जमिनीचे उंचसखल भाग मोजायचे, अशी ती पद्धत. बर्कलेंची माणसं जे पायी फिरून करत होती, तेच काम. मार्ग सुमारे साडेसातशे किलोमीटरचा, बराचसा समृद्धी महामार्गाच्या सोबतीने जाणारा. प्रस्तावित स्टेशनांच्या यादीत ठाण्यानंतर नाव होतं शहापूर! आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी काय धमाल झाली होती आठवतंय ना? फ्लॅटचे भाव दुप्पट होणार इथपासून नागपूरची संत्री ताजी मिळणार इथपर्यंत. मी दुसऱ्या दिवशी आपल्या दूधवाल्या दादांना विचारलं, त्यांची जमीन आहे पलीकडे. ते म्हणाले, "काका, तुमचं घर स्टेशनजवळ येईल. आमचं शेत स्टेशनखाली जाईल."

ही लाइन अजून कागदावरच आहे. पण कागदावर असतानाच मार्ग ठरतो, हे माळशेजने शिकवलंय. एकदा रूळ पडले की दीडशे वर्षं हलत नाहीत. मुरबाडात आजपर्यंत रेल्वे आलेली नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण बघा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटरची, स्टेशनं १२. तिच्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल न बांधता, २१ किलोमीटरच्या बोगद्यातला सुमारे ७ किलोमीटरचा भाग खाडीखालून न्यायचं ठरलं. खाडीत फ्लेमिंगो येतात, तिवरं आहेत, त्यांचं नुकसान कमी व्हावं म्हणून. म्हणजे कारण पटलं तर मोठमोठे नकाशेही बदलतात. समृद्धीच्या वेळी आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी आधी विरोध केला, बैठका झाल्या, मग थेट खरेदीने मोबदला ठरला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला. आमच्या ओळखीतल्या काहींनी त्या पैशातून घरं बांधली, काहींचा पैसा दोन वर्षांत संपला. जमीन गेली ती गेलीच.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा, असं १९९६ चा पेसा कायदा सांगतो. ठाकूर, वारली, कातकरी पाड्यांवरच्या लोकांना तो माहीत असतोच असं नाही. आपल्यातल्या निवृत्त मंडळींनी, वकिलांनी, शिक्षकांनी त्यांना तो समजावून सांगितला तर आपल्या २५ वर्षांच्या शेजाराचं थोडं ऋण फिटेल. तानसा, भातसा, वैतरणा इथलं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर फिरतो. पाण्याच्या बाबतीत जे झालं ते रुळांच्या बाबतीत नको.

माझा वेगवान गाडीला विरोध नाही. माझी नात नागपूरला शिकते, ती तीन-चार तासांत घरी आली तर मला नको आहे का? पण स्टेशन शहापूरच्या नावाचं असेल तर गाड्या तिथे थांबल्याही पाहिजेत, तिकीट परवडलं पाहिजे आणि रोज पासवर लोंबकळत जाणाऱ्या माणसाची कल्याण-कसारा तिसरी मार्गिका त्यासाठी मागे पडता कामा नये. हे आत्ताच विचारायचं असतं. नंतर विचारणाऱ्याला नुसती जाणारी गाडी बघावी लागते, जशी आजीने आयुष्यभर पाहिली.

२५ वर्षांपूर्वी संध्याकाळी इथे नुसतं रान होतं. सातच्या लोकलने उतरलेली माणसं टॉर्च घेऊन एकमेकांना घरापर्यंत सोडायची. तिथूनच ही सोसायटी झाली. पुढचा मार्ग ठरताना तशीच एकमेकांना सोबत करूया.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.