सोमसूत्र : सिन्नरच्या पाषाणातील पाण्याची रेषा

१/ सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरासमोर उभे राहिले की दृष्टी प्रथम शिखराकडे जाते. भूमिज शैलीच्या या यादवकालीन शिखरावर लहान-लहान शिखरांच्या ओळी एका सुतात वर चढत जातात. परंतु अशा मंदिरात स्थपतीची खरी कसोटी खाली, गाभाऱ्याच्या भिंतीत लागत असे.

२/ अभिषेकाचे पाणी बाहेर न्यावे लागते. गोंदेश्वरासारख्या पूर्वाभिमुख शिवमंदिरात ते उत्तरेकडे जाते. शाळुंकेचे मुख, फरशीतील पन्हळ, जाड भिंतीतील मार्ग आणि बाहेरचे प्रणाल हे सारे एका रेषेत हवे. शिवाय पुढचा प्रत्येक तळ मागच्याहून किंचित खाली हवा.

३/ यादवकालीन बांधकामात घडवलेले दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवले जात. भिंत उभी राहिल्यावर रेषा चुकल्याचे कळले, तर थर उतरवण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून पाण्याची वाट आधी ठरे, भिंत नंतर चढे.

४/ या वाटेचे नाव सोमसूत्र. सोम हा उत्तर दिशेचा स्वामी. सूत्र म्हणजे दोरी, रेषा. शिवभक्त प्रणालापर्यंत जाऊन मागे फिरतो, ती सोमसूत्री प्रदक्षिणा. पाणी वाहून नेणारी एक रेषा अशी आचारात उतरली.

५/ दोरी धरून आखणी करणारा तो सूत्रधार. मराठीतील ‘सुतार’ हा शब्द त्यातूनच आला.

६/ आज ती दोरी संगणकाच्या पडद्यावर आहे. २००० साली आलेल्या ‘रेव्हिट’सारख्या प्रणालीत नळ व हवेची नलिका मध्यरेषेवर ओढतात. मोठा नळ लहान नळाला जोडताना मध्य, माथा की तळ जुळवायचा, हे आखणाऱ्याने ठरवायचे असते. उताराने वाहणाऱ्या आडव्या नळात तळ जुळला नाही, तर सांध्यापाशी पाणी साचते. नळ तुळईला छेदत असेल, तर तेही बांधकामापूर्वीच दिसते.

७/ पडद्यावरची चूक पुसता येते; पाषाणातली येत नसे. तरीही आजच्या कित्येक इमारतींत आधी भिंत उभी राहते आणि नंतर नळासाठी छिन्नीने फोडली जाते. साधन बदलले, क्रम मात्र सोमसूत्राचाच योग्य : आधी पाण्याची रेषा, मग भिंत.