निर्मनुष्य किनाऱ्यांचा इतिहास : व्हिक्टोरिया नाईल आणि मर्चिसन धबधबा

व्हिक्टोरिया सरोवरातून निघून, क्योगा सरोवर ओलांडून आल्बर्ट सरोवराला मिळणाऱ्या नाईलच्या प्रवाहाला ‘व्हिक्टोरिया नाईल’ म्हणतात. आल्बर्ट सरोवरापाशी पोहोचण्यापूर्वी हा विस्तीर्ण प्रवाह जेमतेम सात मीटर रुंदीच्या खडकाळ घळीत कोंडला जातो आणि सुमारे ४३ मीटर खाली कोसळतो. हाच युगांडातील मर्चिसन धबधबा होय. धबधब्याखालच्या संथ पात्रात पाणघोड्यांचे कळप, वाळूवर पहुडलेल्या मगरी आणि पाण्यावर उतरणारे हत्ती पाहण्यासाठी पाराआ येथून प्रवासी बोटी निघतात. अशा सहलीला ‘सफारी’ म्हणतात. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ केवळ ‘प्रवास’ असा असून, ज्या अरबी धातूपासून तो आला त्यापासूनच फारसीमार्गे मराठीला ‘सफर’ हा शब्द मिळाला. या सफरीत दिसणारे निर्मनुष्य किनारे आदिम वाटतात. परंतु ती निर्मनुष्यता गेल्या सव्वाशे वर्षांतील युद्ध, रोग आणि सरकारी आज्ञा यांनी घडवलेली आहे.

एकोणिसाव्या शतकात हा मुलूख बुन्योरो राज्याच्या प्रभावाखाली होता. नदीच्या मुखाशी मागुंगो ही वस्ती होती, तर आल्बर्ट सरोवराच्या पूर्व काठावरील किबिरो येथे स्त्रिया खारी माती धुऊन मीठ तयार करीत आणि त्या मिठाचा व्यापार दूरवर चाले. १८६४ मध्ये सॅम्युएल आणि फ्लॉरेन्स बेकर हे दांपत्य होडीतून येथे आले व त्यांनी धबधब्याला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष रॉडरिक मर्चिसन यांचे नाव दिले. पुढे बुन्योरोचा ‘ओमुकामा’, म्हणजे राजा, काबालेगा याने ब्रिटिशांशी दीर्घकाळ लढा दिला. १८९९ मध्ये तो पकडला गेला आणि त्याला सेशेल्स बेटांवर हद्दपार करण्यात आले. मात्र तोपर्यंत लढाया, दुष्काळ आणि गुरांच्या साथी यांनी त्याच्या राज्याची लोकसंख्या खालावली होती.

उरलेली वस्ती उठली ती निद्रारोगामुळे. त्सेत्से माशीच्या दंशातून पसरणाऱ्या या रोगाने विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी दोन लाखांहून अधिक बळी घेतले. रोग्याला माशीपासून दूर ठेवण्यापेक्षा माणसांनाच माशीच्या प्रदेशातून हलवावे, असे धोरण ब्रिटिश प्रशासनाने स्वीकारले आणि त्यानुसार १९१२ पर्यंत व्हिक्टोरिया नाईलच्या काठची गावेही रिकामी करविली. शेते व गुरे गेली, रान वाढले आणि वन्यप्राण्यांचा वावर पसरला. १९१० मध्ये नदीच्या दक्षिणेस शिकारबंदीचे राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि १९२८ मध्ये ते उत्तर काठापर्यंत वाढवले गेले. येथे संरक्षण मिळाले ते रिकाम्या केल्या जात असलेल्या भूमीला, म्हणून अभयारण्याच्या या इतिहासाचे पहिले प्रकरण रोगनिवारणाचे ठरते.

पर्यटक येथे आले ते सरकारी वाहतुकीच्या वाटेने. मोंबासाहून निघणाऱ्या युगांडा रेल्वेचे रूळ मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी टाकले होते, तर वसाहतीच्या कचेऱ्यांतील कारकुनी बऱ्याच अंशी गोव्याहून आलेल्यांच्या हाती होती. रेल्वेला जोडून सरोवरांवर आगबोटी चालत आणि आल्बर्ट सरोवरावरील बुतियाबा हे बंदर त्या जलमार्गाचा मोठा टप्पा होते. मालासाठी आखलेल्या या मार्गावरूनच हौशी प्रवासी धबधब्याकडे वळू लागले. १९०७ मध्ये येथे आलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी या प्रदेशाच्या सौंदर्यासोबतच नाईलच्या पाण्यापासून मिळू शकणाऱ्या शक्तीचाही विचार केला. जानेवारी १९५४ मध्ये अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे विमान धबधब्याजवळ कोसळले, ते निकामी पडलेल्या तारायंत्राच्या तारेला अडकून. ‘निर्मनुष्य’ रानात वसाहतीच्या खुणा अशा लोंबकळत होत्या.

१९५२ मध्ये राखीव क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान झाले. मात्र संरक्षणातूनच नवा पेच उद्भवला. भोवती शेती वाढल्याने हत्तींच्या जुन्या वाटा बंद पडल्या, उद्यानात कोंडलेल्या कळपांनी झाडांच्या साली सोलून काढल्या आणि वृक्षराजीच्या जागी गवताळ माळ पसरला; अखेरीस १९६० च्या दशकात सुमारे दोन हजार हत्ती प्रशासनानेच मारविले. नाईलच्या मगरींचा अभ्यास करणारे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी याच काळात पर्यटनाच्या एका दोषाकडे लक्ष वेधले. बोटी किनाऱ्यालगत आल्या की अंडी राखणारी मादी पाण्यात उतरते, आणि तेवढ्या वेळात घोरपडी घरटे उकरून अंडी फस्त करतात. पाहणाऱ्याची उपस्थितीच पाहिल्या जाणाऱ्या प्राण्याला घातक ठरू शकते, ही जाणीव त्या निरीक्षणात होती.

स्वातंत्र्यानंतर इदी अमीन यांच्या लष्करी राजवटीत धबधब्याला काबालेगाचे नाव देण्यात आले. राजवट कोसळल्यावर जुने नाव परतले. त्या काळातील अनागोंदीत आणि ती राजवट उलथवणाऱ्या १९७९ च्या युद्धानंतर हस्तिदंतासाठी व मांसासाठी झालेल्या बेसुमार हत्येने हत्तींचे कळप नाममात्र उरले. १९६१ मध्ये सरोवरातून पुढे उत्तरेस वाहणाऱ्या नाईलच्या पश्चिमेकडील प्रदेशातून सुरक्षिततेसाठी येथे आणलेले पांढरे गेंडेही नामशेष झाले. १९९६ मध्ये युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटी स्थापन झाल्यावर सावरण्यास आरंभ झाला, तरी उत्तरेकडील बंडाळीमुळे प्रवासी बरीच वर्षे बिचकत राहिले.

आज याच नदीवर वरच्या अंगाला करुमा येथे ६०० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र उभे आहे आणि उद्यानाच्या हद्दीत तेलविहिरी खोदल्या जात आहेत. मूळ निसर्गावर झालेले आक्रमण एवढेच म्हणून या घडामोडींचे आकलन पुरे होत नाही. ज्या शासनव्यवस्थेने किनारे रिकामे करविले, राखले आणि दाखवण्याजोगे केले, तिच्याच वारसाकडे या पाण्याचे मोल ठरवण्याचा अधिकार राहिला आहे. त्या हिशोबात पाणघोड्यांची व मगरींची गणती होते. मागुंगोसारख्या वस्त्या मात्र त्यात क्वचितच धरल्या जातात.