पोकळी तापवणाऱ्यांचं घराणं

१९५१ साली भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड पीटर्स मुंबईत आले तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) अजून कुलाब्याच्या टोकाला गेली नव्हती. टीआयएफआरचा संसार गेटवेजवळच्या ओल्ड यॉट क्लबच्या इमारतीत होता. अमेरिकेतल्या मॅकार्थीकाळाच्या संशयी वातावरणात पीटर्सना काम करणं अवघड झालं होतं. होमी भाभांच्या संस्थेत त्यांना जागा मिळाली. येताना एका मोठ्या शोधातला वाटा त्यांच्या नावावर होता. १९४८ मध्ये मिनेसोटा आणि रॉचेस्टर इथल्या संशोधकांनी फोटोग्राफीच्या जाड लेपाच्या काचपट्ट्या फुग्यांना बांधून वातावरणाच्या माथ्याकडे पाठवल्या. त्यांवर उमटलेल्या रेषांवरून कळलं, की अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत नुसते प्रोटॉन नसतात, लोखंडासारख्या जड मूलद्रव्यांची केंद्रकंही असतात.

असं एखादं केंद्रक लेपातल्या चांदीच्या किंवा ब्रोमिनच्या केंद्रकावर आदळलं, की त्या बिंदूपासून चहूकडे रेषा फुटत. संशोधक त्या आकृतीला तारा म्हणत. प्रचंड ऊर्जेच्या जड केंद्रकांच्या टकरी माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडल्या त्या अशा, सूक्ष्मदर्शकाखाली. दोन केंद्रकं एकमेकांना भिडण्याची शक्यता किती, हे सांगणारं हेल्मुट ब्राट आणि पीटर्स यांचं १९५० चं सूत्र आजही त्या दोघांच्या नावानं शिकवलं जातं. पीटर्सनी पन्नासच्या दशकातली बरीचशी वर्षं मुंबईत काढली. देवेंद्र लाल आणि यशपाल यांच्यासारखे तरुण याच काळात संस्थेत विश्वकिरणांवर काम करत घडले.

आज जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात शिशाची केंद्रकं समोरासमोर आदळवली जातात. त्या प्रयोगांची एक मुळी अशी अपोलो बंदरापर्यंत पोचते. दुसरी मुळी थेट भाभांकडे जाते, आणि ती अधिक खोल आहे. कारण या टकरी ज्या प्रश्नासाठी घडवल्या जातात तो पोकळीबद्दलचा आहे. जागेतून सगळं काढून घेतलं, तर मागे काय उरतं?

पॉल डिरॅक यांचं १९३० चं उत्तर चमत्कारिक होतं. रिकामी जागा ऋण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरलेली असते, आणि त्यांतला एखादा उठून गेला की मागे राहिलेला खळगा धन भाराच्या कणासारखा वागतो, असं त्यांनी मांडलं. १९३२ मध्ये तसा कण, म्हणजे पॉझिट्रॉन, खरोखरच सापडला. केंब्रिजमध्ये असलेल्या तरुण भाभांनी पुढचा प्रश्न धरला. पॉझिट्रॉन हा जर त्या भरलेल्या पोकळीतला खळगा असेल, तर इलेक्ट्रॉनवर आदळताना तो अगदी परक्या कणासारखा कसा वागेल? १९३६ च्या त्यांच्या निबंधात या टकरीचं गणित आहे, आणि दोन परक्या कणांच्या हिशेबात न येणारी जादा पदं त्यात आहेत. ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात ते हेच. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळवणारी यंत्रं किती टकरी घडवतात, हे मोजायला ते आजही वापरतात.

मधल्या काळात टकरींचं शास्त्र हळूहळू पुढे सरकत होतं. १९५० मध्ये एन्रिको फर्मी म्हणाले, की टकरीची सगळी ऊर्जा इवल्याशा जागेत साठते आणि तिथून कण उडतात. १९५३ मध्ये लेव्ह लांडाऊ यांनी त्यात दुरुस्ती सुचवली: तो तापलेला गोळा आधी द्रवासारखा वाहत पसरतो. लांडाऊंचं म्हणणं किती खरं आहे, हे कळायला अर्धशतक जायचं होतं.

प्रोटॉन क्वार्कांचा बनलेला असतो, ही कल्पना १९६४ मध्ये आली. क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ, तितकी त्यांच्यातली ओढ दुबळी, हे ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी १९७३ मध्ये दाखवलं. म्हणजे पदार्थ पुरेसा दाबला किंवा तापवला, तर क्वार्क मोकळे व्हायला हवेत. पण मग एरवी त्यांना कोंडून कोण ठेवतं? हा प्रश्नही पोकळीकडेच नेतो. प्रोटॉनचं वस्तुमान, ऊर्जेच्या एककात मोजलं तर, सुमारे ९३८ एमईव्ही आहे. त्यातल्या तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमानं मिळून १० एमईव्हीसुद्धा होत नाहीत. उरलेलं सगळं वजन क्वार्कांच्या धावपळीचं, त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राचं आणि त्याभोवतीच्या पोकळीच्या ठेवणीचं. आपलं शरीर, सह्याद्रीचा कातळ, वाशीची खाडी या सगळ्यांचं बहुतेक वजन असं तथाकथित रिकाम्या जागेशी जोडलेलं आहे. या शास्त्रातली याहून थक्क करणारी गोष्ट दुसरी नाही.

दोन्ही मुळ्या एकत्र आल्या त्या नोव्हेंबर १९७४ च्या अखेरीस, न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटन इथल्या कार्यशाळेत. नोबेल विजेते त्सुंग-दाओ ली यांचा मुद्दा सरळ होता. कणभौतिकी आजवर अधिकाधिक ऊर्जा अधिकाधिक लहान जागेत कोंबत आली. पोकळीचीच अवस्था पालटायची, तर ती ऊर्जा त्या मानानं मोठ्या जागेत पसरवायला हवी. त्यासाठी प्रोटॉन पुरेसा नाही, जड केंद्रकं हवीत. मोकळ्या क्वार्कांच्या त्या अवस्थेला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा हे नाव एडवर्ड शुर्याक यांनी १९७८ मध्ये रूढ केलं. आजच्या हिशेबानं ती सुमारे १.८ लाख कोटी अंश तापमानाला प्रकटते. सूर्याच्या गाभ्याच्या एक लाखपटींहून हे जास्त आहे.

त्याच १९७४ मध्ये बर्कलेत दोन जुने त्वरक जोडून बेव्हालॅक उभा राहिला. त्यावर केंद्रकं आदळवली गेली, तसेच निऑनसारख्या आयनांच्या झोतानं कर्करोगाचे उपचारही झाले. प्रोटॉनांचे उपचार बर्कलेतच १९५४ मध्ये सुरू झाले होते. असा कण शरीरात ठरावीक खोलीवर पोचून आपली बरीचशी ऊर्जा तिथेच सोडतो, म्हणून भोवतालच्या पेशी वाचतात. या घराण्याची ही चुलत शाखा आज नवी मुंबईत आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातली राष्ट्रीय हॅड्रॉन झोत उपचार सुविधा ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. तिथल्या प्रोटॉनाची ऊर्जा जास्तीत जास्त २३० एमईव्हीच्या आसपास जाते. जिनिव्हात शिशाच्या केंद्रकांतल्या न्यूक्लिऑनांच्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या, एकेका जोडीमागे ५३,६०,००० एमईव्ही गाठले गेले आहेत.

भारतीय प्रयोगकर्ते या टकरींत उतरले ते जिनिव्हाजवळच्याच सर्न या प्रयोगशाळेत. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्राच्या पुढाकारानं टकरीतून सुटणारे फोटॉन मोजणारा शोधक तयार झाला. डब्ल्यूए-९८ या प्रयोगात त्याला एक नेमकं काम मिळालं. तापलेली पोकळी थंड होताना क्षणभर भलत्याच दिशेला कललेली राहील, अशी अटकळ होती. तसं झालं तर पायॉन नावाच्या कणांतल्या भारित आणि उदासीन कणांचं नेहमीचं प्रमाण बिघडायला हवं. शोधकानं ते तपासलं, आणि १९९८ मध्ये निष्कर्ष आला, की तसा पुरावा दिसत नाही. असा नकार फार मोलाचा असतो, कारण त्यानं कल्पनेला मर्यादा पडते. पुढे अमेरिकेतल्या स्टार आणि सर्नमधल्या ॲलिस या प्रयोगांसाठी असेच शोधक उभारणाऱ्या भारतीय गटांत आयआयटी मुंबईही होती. खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेतले भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या फीनिक्स आणि सर्नमधल्या सीएमएस प्रयोगांत गेले.

स्टार आणि फीनिक्सचं ठिकाण असलेल्या न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवनला २००० पासून सोन्याची केंद्रकं आदळू लागली. केंद्रकं थोडी बाजूनं घासून गेली, तर सामाईक भाग बदामाच्या आकाराचा होतो. आत वायू असेल तर कण चहूकडे सारखे उडतील. द्रव असेल तर बदामाच्या आखूड बाजूनं दाबाचा उतार जास्त, म्हणून तिकडे कणांचा ओघ जास्त. ओघ जास्तच निघाला. एप्रिल २००५ मध्ये ब्रूकहेवननं जाहीर केलं, की हा जवळजवळ आदर्श द्रव आहे. लांडाऊंची कल्पना अशी फळाला आली.

हा ओघ मोजायचा कसा, यात टीआयएफआरच्या राजीव भालेराव यांचं काम पायाभूत आहे. बोर्गिनी आणि ओलित्रो यांच्याबरोबर त्यांनी २००३ मध्ये जी पद्धत दिली, तिचा आधार ली आणि यांग यांचं १९५२ चं गणित आहे. हे ली म्हणजे बेअर माउंटनचेच. २००५ मध्ये ब्लेझो यांच्यासह या तिघांनी मुद्दा मांडला, की ब्रूकहेवनच्या आकड्यांवरून द्रवानं पूर्ण समतोल गाठल्याचं दिसत नाही. जगभर आदर्श द्रवाचा जयघोष चाललेला असताना हे म्हणायला धैर्य लागतं.

त्याच वर्षी संस्थेतल्याच राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी आणखी अवघड काम केलं. साधा पदार्थ आणि प्लाझ्मा यांच्यातला बदल आपल्या टकरींत गुळगुळीत होतो. पण घनता वाढवत नेली तर कुठेतरी तो एकदम, उकळीसारखा व्हावा. जिथून हे सुरू होतं तो क्रांतिक बिंदू कुठे असेल? घनता आली की संगणकावरचं नेहमीचं गणित अडतं. या दोघांनी शून्य घनतेपासून श्रेणी मांडत त्या बिंदूचा अंदाज दिला. २०११ मध्ये गुप्ता आणि सहकाऱ्यांनी असं गणित आणि स्टारच्या टकरींचे आकडे शेजारी ठेवून ‘सायन्स’ नियतकालिकात या अवस्थाबदलाच्या तापमानाचं माप प्रसिद्ध केलं.

क्रांतिक बिंदू अजून निर्विवादपणे सापडलेला नाही. ब्रूकहेवनमध्ये त्यासाठी ऊर्जा मुद्दाम कमी करून टकरी घडवल्या गेल्या, आणि जर्मनीत डार्मश्टाटला उभ्या राहत असलेल्या फेअर या केंद्रात, ज्यात भारत भागीदार आहे, तोच शोध पुढे चालायचा आहे. त्या यंत्रावर काम करणारी पिढी आज महाविद्यालयात आहे. वाशी, नेरूळ, पनवेलच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना ही कुळकथा सांगावी, आणि टीआयएफआरच्या उन्हाळी विद्यार्थी संशोधन कार्यक्रमाची वाटही दाखवावी.