होळकरांची नारिंगी-काळी ड्युसेनबर्ग

नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांचे आडनाव पडले, त्या घराण्याचे अखेरचे सत्ताधीश म्हणजे इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे). त्यांना वेगवान मोटारींचा विलक्षण नाद होता.

त्या काळी अशा मोटारी बहुधा तयार मिळत नसत. अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनी सांगाडा आणि इंजिन देई. वरचा साज मालकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचा. यशवंतरावांनी १९३५-३६च्या सुमारास ‘एसजे’चा लांब सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून त्यावर उघडी बॉडी बांधवली. रंग नारिंगी आणि काळा. सुपरचार्जर लावलेले, सुमारे ६.९ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. एवढा थोरला डोलारा, आणि ऐसपैस बसणार दोघेच! (हौस राजाची, खजिना संस्थानाचा, हेही नोंदवायला हवे.)

आज पुण्यातील हौशी मालकाला ही मुभा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितले. रंग बदलता येतो, पण त्याची नोंद संगम पुलाजवळच्या आरटीओत करावी लागते. इतरांच्या सुरक्षिततेसाठी हे बंधन मला रास्त वाटते. तरीही ‘मूळ’ या शब्दापाशी इतिहासाचा विद्यार्थी अडखळतो. होळकरांची ड्युसेनबर्ग कारखान्यातून निघाली, तेव्हा तिला बॉडीच नव्हती.