दीक्षेतून आलेली मराठी

पातूर तालुक्यातलं आलेगाव आणि मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर ही महानुभाव पंथाची तीर्थस्थानं. पंथाची पाळंमुळं वऱ्हाडात खोल रुजलेली, पण अनुयायी पार पंजाबातही. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणतात. घरी पंजाबी बोलणाऱ्या या माणसांची धर्मभाषा मात्र तेराव्या शतकातली मराठी. वारशाची भाषा आईकडूनच मिळते, हा समज इथे लंगडा पडतो.

या मराठीशी ताडून पाहावी अशी भाषा म्हणजे यहुदी-अरबी. बगदाद-कैरोचे यहुदी अरबी बोलत आणि ती हिब्रू अक्षरांत लिहीत. यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीसने बाराव्या शतकात आपला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ तिच्यातच लिहिला. 1855 साली मुंबईतल्या बगदादी यहुद्यांनी तिच्यात वृत्तपत्रही काढलं. महानुभावांनीही आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे या संशोधकांच्या हाती किल्ली लागेपर्यंत बाहेरच्यांना त्या बंदच होत्या. म्हणजे दोघांची ओळख लिपीनेच राखली, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. यहुदी मुलं प्रार्थनेसाठी हिब्रू अक्षरं आधी शिकत, म्हणून तीच हाताशी असत. आणि लिपी असूनही, 1950-51 मध्ये इराकचे लाखाहून अधिक यहुदी इस्राएलला गेल्यावर ही भाषा नातवंडांच्या तोंडी टिकली नाही. तिथे अरबी शत्रूची भाषा ठरली, हे खरंच. पण मूळ शास्त्र हिब्रूत होतं, आणि ते उलगडून सांगणं हे यहुदी-अरबीचं मोठं काम होतं. हिब्रूच घरात बोलली जाऊ लागल्यावर ते काम उरलं नाही. महानुभावांच्या मराठीमागे अशी दुसरी भाषा उभी नाही. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचं वचनच मराठीत आहे. संस्कृतात ग्रंथ लिहू पाहणाऱ्या पंडित केशिराजांना चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी अडवलं, कारण पंथातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो कळला नसता.

यावर आक्षेप येईल की पोथीत बांधलेली भाषा जिवंत कसली? शिवाय म्हाताऱ्यांसाठी राखलेली हीच मराठी पंजाबातल्या म्हाताऱ्यांना कळत नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि थोडी गंमतही. पण त्यांच्यासाठी पंथाने चक्रधरांची सूत्रं बदलली नाहीत; निरूपण हिंदी-पंजाबीत केलं आणि दीक्षा घेणाऱ्याला मराठी शिकायला लावली. बगदादमध्ये जे काम यहुदी-अरबी करत होती, ते पंजाबात हिंदी-पंजाबी करतात. मराठी तिथे हिब्रूच्या जागी आहे.