पंप, तार आणि कुंभाराचं गाढव

तत्त्वज्ञानाचा मास्तर मोटारीच्या पेट्रोलपंपावर काय बोलणार, असं काही चेहऱ्यांवर स्पष्ट दिसतंय. रास्त आहे. आम्ही आयुष्यभर वर्गात कार्यकारणभाव शिकवला, पण तो आम्हाला खऱ्या अर्थानं कळला तो मे महिन्यात, जिंतूरकडून चारठाण्याला येताना, रस्त्याच्या कडेला बाभळीच्या विरळ सावलीत बसून. गाडी बंद पडली होती. पेट्रोल होतं, बॅटरी होती, स्टार्टर फिरत होता. पण गाडी काही सुरू होईना. तासाभरानं, ऊन कलल्यावर, काहीही न करता सुरू झाली.

पंप म्हणताना इथे आम्ही गाडीतला पंप म्हणतोय, रस्त्यावरचा नव्हे. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत न्यायचं त्याचं काम. आता याचा इतिहास बघा. सुरुवातीच्या अनेक गाड्यांना पंपच नव्हता. फोर्डची मॉडेल टी ही गाडी 1908 ते 1927 अशी निघाली. तिची टाकी पुढच्या सीटखाली, आणि पेट्रोल आपल्या वजनानं खाली इंजिनात उतरायचं. विहिरीवरच्या पाटासारखं. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि मोठा चढ लागला की ते पुढे जाईना, मग लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. हा विनोद नाही, तशी रीतच होती.

पुढे टाकी गाडीच्या मागे गेली आणि ओढून आणणारं काहीतरी लागलं. इंजिनाच्या अंगावर बसणारा, कॅमच्या धक्क्यानं चालणारा पडद्याचा पंप आला. आपल्याकडे बहुतेकांनी पाहिला तो हाच. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी निघाली, तिला हा पंप. 1983 च्या शेवटी आलेल्या मारुती 800 लाही हाच. आमच्या पिढीतल्या कुणीही घाटात फियाट बंद पडल्यावर ड्रायव्हरला पंपावर ओलं फडकं टाकताना पाहिलं असेल. इंजिनाच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पडद्याला वाफ ओढता येत नाही. फडकं टाकायचं, विडी ओढायची (पंपापासून लांब जाऊन, एवढी अक्कल सगळ्यांना होती), आणि मग निघायचं. म्हणजे दोष कुठे आणि उपाय कुठे, हे दोन्ही एकाच जागी, डोळ्यासमोर.

मग 2000 सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. जर्मनीत बॉश कंपनीनं हे 1967 सालीच फोक्सवॅगनच्या गाडीत बसवलं होतं. आपल्याकडे यायला तीस-बत्तीस वर्षं गेली. इंजेक्शनला पेट्रोल जोरात लागतं. जुना पंप पाव-एक बार दाब द्यायचा, नव्याला साधारण तीन बार द्यावा लागतो. म्हणून पंप विजेचा झाला आणि थेट टाकीत, पेट्रोलच्या आत जाऊन बसला. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

इथे एक गोष्ट घडली, जी फारशी कुणी बोलून दाखवत नाही. पंप मागे गेला आणि बॅटरी पुढेच राहिली. मध्ये चार-पाच मीटर तार आली. फ्यूज आला, रिले आला, दोन-तीन सॉकेटं आली, आणि परतीच्या वाटेवर गाडीच्या पत्र्याला लावलेला एक स्क्रू. पंपाला बारा व्होल्ट मिळतात असं आपण म्हणतो. कुठे मिळतात? बॅटरीवर की पंपाच्या तोंडाशी?

आमच्या गाडीकडे वळतो. पहिल्या गॅरेजवाल्यानं पंप बदलला. गाडी आठ दिवस छान चालली, आणि पुन्हा दुपारच्या वेळी बंद. दुसऱ्यानं सांगितलं, पहिला पंप डुप्लिकेट होता. पुन्हा नवा पंप, पुन्हा दहा-बारा दिवस सुख. कुणाचं नाव घेत नाही, माणसं प्रामाणिक होती. त्यांचा युक्तिवाद आमच्या विद्यार्थ्यांसारखाच होता: पंप बदलला, गाडी सुरू झाली, म्हणजे दोष पंपाचा.

आपल्या न्यायशास्त्रात याला फार सुंदर उत्तर आहे. कुंभार मडकं करतो. माती, चाक, दंड, कुंभार ही कारणं. पण माती गाढवावरून आली. मडक्याच्या आधी गाढव होतंच, मग गाढव मडक्याचं कारण का नाही? नैयायिक म्हणतात, ते अन्यथासिद्ध. आधी हजर असलं तरी त्याच्यावाचून काही अडत नाही. माती बैलगाडीतून आली असती तरी मडकं झालंच असतं. विश्वनाथाच्या कारिकावलीत अन्यथासिद्धाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात हे गाढव आहे. आम्ही ते तीस वर्षं शिकवलं आणि आमच्याच गाडीत ओळखलं नाही. पंप बदलताना मेकॅनिक काय करतो? टाकीवरचं सॉकेट ओढून काढतो आणि परत दाबून बसवतो. त्या ओढाताणीत पिनांवरचा गंज खरवडला जातो. आठ दिवस गाडी चालली ती त्या खरवडण्यामुळे. नवा पंप हे गाढव होतं, आणि त्या गाढवाचे आम्ही दोनदा पैसे मोजले.

तिसऱ्यानं सांगितलं, "सर, वायरिंगची भानगड दिसते, डायरेक्ट देऊन टाकतो." निदान बरोबर होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं बॅटरीपासून पंपापर्यंत घरच्या फिटिंगमधली उरलेली तार ओढली, स्टिअरिंगखाली एक बटण लावलं. फ्यूज नाही. गाडी भर दुपारी जी धावली! आम्ही खूश. तीन आठवडे खूश होतो.

मग एका संध्याकाळी समोरून उसाची ट्रॉली आली, आम्ही गाडी खाली घेतली आणि चारीत गेलो. कुणाला लागलं नाही. इंजिन बंद पडलं, सगळं शांत झालं. मागच्या सीटवर आमची नात होती. ती म्हणाली, "आजोबा, माझ्या सीटखाली काहीतरी गुणगुणतंय." पंप चालू होता. बॉनेटखाली नळी क्लिपमधून सटकली होती आणि तीन बारच्या दाबानं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडत होतं. बटण बंद करायला आम्हाला किती सेकंद लागले, ते आठवत नाही. त्या रात्री झोप आली नाही एवढं आठवतं.

कंपनीच्या मूळ जोडणीत असं होत नाही. चावी फिरवली की कॉम्प्युटर पंपाला साधारण दोन सेकंद चालवतो, आणि इंजिन फिरत असल्याचा इशारा मिळाला तरच पुढे चालू ठेवतो. इंजिन थांबलं की पंप थांबला. ही अक्कल रिलेच्या मार्गानं येते. "डायरेक्ट" केलं की तार चांगली मिळते आणि अक्कल कापली जाते.

शेवटी एका तरुण इलेक्ट्रिशियननं मीटर लावला. त्यानं बटण काढलं, जुनी जोडणी परत केली आणि पंप चालू असताना मोजलं. बॅटरीवर 13.9 व्होल्ट, पंपाच्या तोंडाशी 9.8. चार व्होल्ट वाटेत गायब. त्यातले 2.9 जाणाऱ्या वाटेवर, बहुतेक त्या एका सॉकेटात, आणि 1.2 परतीच्या, पत्र्यावरच्या गंजलेल्या स्क्रूत. पंप सात अँपिअर घेत होता. म्हणजे जाणाऱ्या वाटेवर वीस वॅट उष्णता जळत होती. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं, ते दोन्ही वेळा सगळ्यांनी हातात धरलं होतं. आणि मे महिनाच का? तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. वीस अंशांवरून साठवर गेलो की सोळा टक्के जास्त. त्यात पेट्रोलही तापलेलं.

आता तार कोणती? आपल्याकडचे जुने वायरमन अजून "तीन-बावीस", "सात-वीस" म्हणतात. तीन-बावीस म्हणजे बावीस नंबरच्या तीन तारा एकत्र. ही ब्रिटिश गेजची भाषा, तिच्यात नंबर वाढला की तार बारीक होते. 1956 च्या कायद्यानं आपण मेट्रिक मापं घेतली, दुकानात तार चौरस मिलिमीटरवर आली, जिभेवर मात्र गेजच राहिला. तीन-बावीस म्हणजे 1.2 चौरस मिलिमीटरच्या जवळपास, सात-वीस म्हणजे साडेचारच्या पुढे. गाडीची तार ही आणखी वेगळी जात. तिच्यात जाड तीन किंवा सात तारा नसतात, बारीक केसासारख्या पुष्कळ असतात, कारण गाडी हादरते आणि जाड तार हादऱ्यानं तुटते. वरचं आवरण पूर्वी रबर आणि सुती वेणीचं असायचं, महायुद्धानंतर पीव्हीसी आलं. आपल्या पुण्यात प्रल्हाद छाब्रिया आणि त्यांच्या भावानं 1958 साली फिनोलेक्स सुरू केली, ती घरच्या वायरसाठी नव्हे. तिचा पहिला माल वाहनउद्योगासाठीच्या पीव्हीसी तारा हाच होता. घराघरांत ते नाव नंतर गेलं.

हिशोब सोपा आहे, ओमचा 1827 चा नियम. तांब्याची एक चौरस मिलिमीटरची तार पाच मीटर घेतली तर सात अँपिअरला सुमारे 0.6 व्होल्ट खाते. अडीचची घेतली तर पाव व्होल्ट. चारची घेतली तर 0.15, म्हणजे जास्त पैसे देऊन दशांश व्होल्ट वाचतो, आणि ती जाड तार पिनेत नीट बसतही नाही. आम्ही अडीच घेतली. तांब्याचीच, हे दुकानात खरवडून बघावं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तार स्वस्त मिळते. अॅल्युमिनिअमचा रोध दीडपटीहून जास्त आणि सांधा लवकर ढिला होतो.

जोडणी अशी. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढलं. पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर पंधरा अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज पंपासाठी नसतो, तारेसाठी असतो, म्हणून तो तारेच्या उगमाशी. तिथून नव्या रिलेच्या 30 नंबरला, 87 वरून पंपाकडे. आणि जुनी पंपाची तार आता रिलेच्या 85-86 मध्ये, फक्त त्याची कॉइल ओढायला. तिला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळे तिच्यातला गंज आता कुणाला त्रास देत नाही. हुकूम जुन्या वाटेनं, माल नव्या वाटेनं. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. परतीची तार वेगळी, पत्र्याचा रंग खरवडून लग लावून. टाकीजवळ सोल्डरिंग नाही, सगळं दाबून बसवलेलं. टाकीच्या आतल्या तारेला हात लावला नाही. साधं पीव्हीसी पेट्रोलमध्ये कडक होऊन तडकतं, आतला तुकडा लागलाच तर तयार भागच घ्यावा. नंतर मोजलं: 13.9 पैकी पंपाशी 13.3.

या गावात गोकुळेश्वराचं मंदिर आहे, तो उंच दगडी स्तंभ आहे. चुना न घालता बसवलेले दगड आम्ही लहानपणापासून बघतोय, आणि बघणारा प्रत्येक जण दगडांबद्दल बोलतो, सांध्यांबद्दल नाही. असो, तो वेगळा विषय, त्यावर बोलणारे इथे आमच्यापेक्षा जाणते बसलेत.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. रिले कुठे बसवलाय ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी थांबावं, आम्ही बॉनेट उघडतो. चालू इंजिन बंद केल्यावर पंपाचा आवाज थांबतो का, तेही मागच्या सीटवर बसून ऐकता येईल.