पार्टिशनची आखणी (युनिक्स सर्व्हरच्या अपग्रेडपूर्वी)

युनिक्स सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम नव्या आवृत्तीवर नेण्याआधी सिस्टिम डिस्कवरच्या प्रत्येक पार्टिशनला किती जागा लागेल, हे मोजून ठरवण्याचे काम. रोजच्या वापराला पुरणारी जागा अपग्रेडच्या वेळी पुरेलच असे नसते, कारण त्या काळात जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्यांचा मोठा भाग डिस्कवर एकाच वेळी असतो. आखणी करताना माप घ्यायचे ते या कमाल गरजेचे. या नोंदीत मुख्यतः फ्रीबीएसडी आणि तिची यूएफएस ही फाइल सिस्टिम विचारात घेतली आहे. इतर युनिक्सांचा उल्लेख फरक दाखवण्यापुरता आहे.

पार्श्वभूमी : युनिक्सची फाइल सिस्टिम अनेक तुकड्यांत विभागली गेली ती टंचाईमुळे. १९७१ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ज्या पीडीपी-११/२० यंत्रावर युनिक्स चालवत होते, त्याची मेमरी २४ केबी आणि डिस्क ५१२ केबी होती. दोघांच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध निबंधातही रूट एका डिस्कवर आणि वापरकर्त्यांच्या फाइली दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर असल्याचे नमूद आहे. पुढे डिस्क हजारो पटींनी वाढल्या, तरी विभागणी टिकली. कारणे मात्र बदलली. लॉग फुगून व्हार भरला तरी रूट शाबूत राहावा, वीज गेल्यानंतरची तपासणी लवकर उरकावी, टेम्पसारख्या सर्वांना खुल्या जागेवर वेगळे निर्बंध घालता यावेत, ही ती नवी कारणे. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर आजही डिस्क पुरेशी मोठी असेल तर आपणहून बरेच पार्टिशन पाडतो. फ्रीबीएसडीने २०१२ च्या ९.० आवृत्तीत नवा इन्स्टॉलर आणला, तेव्हापासून यूएफएससाठी त्याची स्वतःची शिफारस बूट, एकच मोठा रूट आणि स्वॅप एवढीच असते.

रूट : अपग्रेडमध्ये सर्वांत जास्त घात झाला आहे तो लहान रूटमुळे. २००० च्या दशकात ५१२ एमबीचा रूट ऐसपैस मानला जात असे. तेव्हाचा केर्नल आणि त्याची मॉड्यूल यांना त्यात भरपूर वाव होता. मग केर्नलसोबत डीबगिंगच्या सिम्बॉल फाइलीही बूट डिरेक्टरीत बसू लागल्या आणि एकेका केर्नलचा संच २०० एमबीच्या वर गेला. नवा केर्नल बसवताना जुना पुसला जात नाही, 'केर्नल.ओल्ड' या नावाने बाजूला ठेवला जातो. नवा चालला नाही तर परत फिरायची वाट तीच असल्याने ही पद्धत योग्यच आहे. पण हिशेब असा होतो : ५१२ एमबीपैकी ८ टक्के, म्हणजे सुमारे ४१ एमबी, यूएफएस राखून ठेवते. उरलेल्या ४७१ मध्ये दोन केर्नलांचे ४०० हून अधिक. मग बिन, एसबिन, लिब, रेस्क्यू आणि ईटीसी यांना ७० एमबीसुद्धा उरत नाहीत. परिणामी केर्नल अर्धा उतरला असताना 'फाइल सिस्टिम फुल' हा संदेश येई, आणि तोवर जुना केर्नल जागचा हललेला असे. फ्रीबीएसडी ११ पासून या डीबग फाइली यूएसआरमधल्या लिब-डीबगमध्ये गेल्या, तेव्हा रूटवरचा भार हलका झाला. ज्यांचा यूएसआर वेगळा आणि काटेकोर मापाचा होता, त्यांच्याकडे मात्र भार नुसता दुसऱ्या खांद्यावर गेला.

वरचे ८ टक्के हा आखणीत हमखास विसरला जाणारा आकडा. ही राखीव जागा सामान्य वापरकर्त्याला मिळत नाही, रूट वापरकर्त्याला मिळते. म्हणून 'डीएफ'च्या उत्तरात कधी कधी भरणा १०० टक्क्यांच्या वर आणि शिल्लक उणे दिसते. अपग्रेडची आज्ञा रूट म्हणूनच दिली जात असल्याने ही राखीव जागा तिला वापरता येते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. जागा इतकी कमी झाली की यूएफएस मोकळे ब्लॉक शोधण्यात वेळ घालवते आणि लेखन मंदावते. 'ट्यूनएफएस'ने हे प्रमाण कमी करून चार एमबी मिळवण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. अपग्रेडच्या आदल्या रात्री ती वापरावी लागत असेल, तर आखणी आधीच फसली आहे असे समजावे.

बूट पार्टिशन : आकाराने सर्वांत लहान आणि चुकल्यास सर्वांत महाग. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर बायोसमधून यंत्र सुरू होण्यासाठी फ्रीबीएसडीला एक वेगळे बूट पार्टिशन लागते. झेडएफएसच्या सुरुवातीच्या काळात ते ६४ केबीचे करण्याचा प्रघात होता. पुढे झेडएफएसचा बूट कोड वाढत गेला आणि ६४ केबीत मावेनासा झाला. हे पार्टिशन ५१२ केबीचे करावे, असा आता संकेत आहे. ते हवे तेवढे मोठेही करता येत नाही, कारण सुरुवातीचा छोटा प्रोग्राम अख्खे पार्टिशन मेमरीत वाचतो आणि त्याची मर्यादा ५४५ केबी आहे. यूईएफआय यंत्रांवरही असेच घडले. जुन्या इन्स्टॉलरने ८०० केबीचे ईएफआय पार्टिशन टाकले, नंतर ते २०० एमबी आणि मग २६० एमबी झाले. शेवटचा आकडा ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर फॅट-३२ बसण्यासाठी किमान जेवढी जागा लागते तिच्यावरून आला आहे. ६४ केबीच्या पार्टिशनवर अडकलेल्यांना एक सुटकेची वाट आहे. बूट पार्टिशन डिस्कच्या आरंभीच असावे असे नाही, ते प्रकारावरून शोधले जाते. स्वॅप बंद करून त्याच्या शेपटाचा तुकडा कापला आणि तिथे नवे बूट पार्टिशन केले तरी चालते. जुन्याचा प्रकार तेवढा बदलावा किंवा ते काढून टाकावे, नाहीतर यंत्राला पहिले तेच सापडते.

यूएसआर आणि व्हार : मूळ कोडमधून सिस्टिम बांधून अपग्रेड करणाऱ्याला यूएसआरमध्ये कोडसाठी एक जीबीच्या वर आणि ऑब्जेक्ट फाइलींसाठी त्याच्या कित्येक पट जागा लागते. २०१४ च्या १०.० आवृत्तीपासून क्लँग हा मुख्य कंपायलर झाला, आणि तो स्वतःही या बांधणीत येत असल्याने हे माप बरेच वाढले. तयार फाइली उतरवणाऱ्या 'फ्रीबीएसडी-अपडेट'ला यूएसआरमध्ये एवढी जागा लागत नाही. ते आपला साठा व्हारमधल्या डीबी डिरेक्टरीत ठेवते. हा साठा आपोआप साफ होत नाही. तो पुसला तर जागा मिळते, पण मागे फिरण्याची सोय जाते. म्हणून अपग्रेड नीट चालल्याची खात्री पटल्यावरच त्याला हात लावावा. मोठ्या आवृत्तीच्या उडीनंतर सगळी पॅकेजेस पुन्हा उतरवावी लागतात आणि त्यांची कॅशही व्हारमध्येच जमते.

डेटाबेस व्हारमध्ये असेल तर प्रश्न निराळ्या मापाचा होतो. पोस्टग्रेएसक्यूएलचे 'पीजी-अपग्रेड' एरवी डेटाची संपूर्ण दुसरी प्रत करते. ४० जीबीच्या डेटाला त्या घटकेला ८० जीबी लागतात. लिंकची पद्धत निवडली तर प्रत होत नाही, पण मग जुना आणि नवा डेटा एकाच फाइल सिस्टिमवर असावा लागतो, आणि नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना वापरण्याजोगा राहत नाही. डेटाबेस सिस्टिम डिस्कवर ठेवूच नये, हे या नोंदलेखकाचे मत आहे.

स्वॅप : मेमरीच्या दुप्पट स्वॅप हा जुना ठोकताळा आज ६४ जीबी मेमरीच्या यंत्रावर निरर्थक आहे. स्वॅपचे अपग्रेडमधले काम वेगळेच असते. नवा केर्नल पहिल्याच बूटला कोसळला, तर त्याचा क्रॅश डंप सहसा स्वॅपमध्ये उतरतो आणि पुढच्या बूटला 'सेव्हकोर' तो व्हारमधल्या क्रॅश डिरेक्टरीत नेते. दोन्हीकडे जागा असेल तरच कारण सापडते. फ्रीबीएसडी एरवी अख्खी मेमरी न उतरवता केर्नलने वापरलेली पानेच उतरवते, त्यामुळे मेमरीच्या काही अंशाएवढा स्वॅप बहुधा पुरतो.

मोजणी : 'डीएफ' शिल्लक सांगते, 'डीयू' डिरेक्टरीनिहाय वापर सांगते. दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर पुसलेली पण एखाद्या प्रोसेसने उघडी ठेवलेली लॉग फाइल हे नेहमीचे कारण. ती प्रोसेस पुन्हा सुरू केली की जागा सुटते. ब्लॉकांबरोबर आयनोडही मोजावेत. यूएफएसमध्ये त्यांची संख्या 'न्यूएफएस'च्या वेळीच ठरते. मोठ्या फाइलींसाठी बेताचे आयनोड देऊन बनवलेल्या पार्टिशनवर मूळ कोडचा वृक्ष उतरवला, तर कित्येक जीबी मोकळे दिसत असूनही जागा संपल्याचा संदेश येतो.

वाढवणे : यूएफएस वाढवता येते, घटवता येत नाही. फ्रीबीएसडी १० पासून 'ग्रोएफएस' चालू यंत्रावरही काम करते, पण पार्टिशनच्या लगेच पुढे मोकळी जागा असेल तरच. व्हर्च्युअल यंत्राची डिस्क मोठी करूनही रूट वाढत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. इन्स्टॉलरने रूटच्या पुढे स्वॅप ठेवलेला असतो आणि नवी जागा त्याच्याही पलीकडे येते. स्वॅप काढायचा, रूट ताणायचा आणि शेवटी स्वॅप पुन्हा करायचा, हा उपाय. नव्याने बसवताना स्वॅप रूटच्या आधी ठेवला तर ही कसरत टळते.

झेडएफएसमध्ये पूलमधली जागा सर्व डेटासेटांना सामाईक असल्याने वरचे बरेच हिशेब गळून पडतात. फ्रीबीएसडी १२ पासून 'बीईसीटीएल' मूळ सिस्टिममध्येच आले. त्याने अपग्रेडपूर्वी बूट एन्व्हायर्नमेंट करून ठेवले की मागे फिरणे सोपे होते. जुने एन्व्हायर्नमेंट जुने ब्लॉक धरून ठेवते, एवढे लक्षात ठेवावे. ते काढेपर्यंत फाइली पुसूनही जागा सुटत नाही. अपग्रेडनंतर घाईने 'झेडपूल अपग्रेड' केले आणि बूट कोड तसाच राहिला तर यंत्र सुरू होईनासे होऊ शकते, आणि नव्या सुविधा ओळखत नसलेल्या जुन्या केर्नलकडे परतणेही बंद होते.

इतर युनिक्स : ओपनबीएसडीचे 'सिसअपग्रेड' (६.६, २०१९) नवे संच होमखालच्या डिरेक्टरीत उतरवते, म्हणून तिथे होमही मोजावे लागते. तिथल्या अपग्रेडमध्ये जुन्या शेअर्ड लायब्ररी पुसल्या जात नाहीत आणि दर सहा महिन्यांनी आवृत्ती येत असल्याने यूएसआर हळूहळू भरत जातो. सोलारिस १० मधल्या लाइव्ह अपग्रेडला यूएफएसवर एक पूर्ण मोकळी स्लाइस लागे. ती सुरुवातीलाच न राखणाऱ्यांना ही उत्तम सोय वापरता येत नसे. एआयएक्सवर जेएफएस-२ चालू असतानाच वाढवता येत असल्याने आखणीतली चूक सहज निस्तरते. तिथे पाहायचे ते 'एचडी-५' हे बूटचे लॉजिकल व्हॉल्यूम, कारण त्याची जागा डिस्कवर सलग असावी लागते. लिनक्समध्ये वेगळे बूट पार्टिशन जुन्या केर्नलांनी भरते. रेड हॅटच्या कुळात म्हणूनच एरवी तीनच केर्नल ठेवले जातात.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मापांवर चालणारा यूएफएस सर्व्हर जागच्या जागी ताणत बसण्यापेक्षा नवी डिस्क लावून तिच्यावर नव्या मापांचे पार्टिशन करणे आणि जुनी डिस्क न पुसता काढून ठेवणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. आशय हलवण्यासाठी 'डंप' आणि 'रिस्टोर' वापरावेत. डंपची प्रत फाइलनिहाय परत उतरत असल्याने ती वेगळ्या मापाच्या पार्टिशनवरही बसते. 'डीडी'ने घेतलेली प्रत मूळ मापापेक्षा लहान पार्टिशनवर उतरवता येत नाही.